बोअर युद्ध: माउझर, ली-मेटफर्ड आणि फावडं

रानवाटा

कॉलेजात एनसीसीला असताना एकदाच थ्री नॉट थ्री हाताळली. पाच गोळ्या झाडल्या, उजवा खांदा दोन दिवस हुळहुळत होता. आमचे उस्ताद म्हणाले होते, "ही बंदूक बोअरांकडून मार खाऊन शहाणी झालेली आहे." तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वसलेले डच वंशाचे शेतकरी. इंग्रजांशी त्यांची दोन युद्धं झाली. गेली दोन वर्षं त्यांवर सुट्टीत मिळेल ते वाचतोय, आणि गप्पांत दर वेळी एकच प्रश्न निघतो: बोअरांची जर्मन माउझर भारी की इंग्रजांची ली-मेटफर्ड? मला वाटतं हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. म्हणून हा धागा.

आधी १८८१ सालचा माजुबा डोंगर. ट्रान्सवाल या आपल्या मुलखात बोअरांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता आणि लेंग्ज नेकची खिंड अडवून धरली होती. २६ फेब्रुवारीच्या रात्री जनरल कॉली सुमारे चारशे माणसं घेऊन खिंडीच्या डोक्यावरच्या माजुबावर चढला. माणसं दमलेली, म्हणून वर खंदक खोदायला लावले नाहीत. तोफ नेलेली नव्हती. सकाळी बोअर चढू लागले. काही जण खालून डोंगरमाथ्याच्या कडेवर नेम धरून बसले. वरून कुणी डोकं काढलं की गोळी. तेवढ्यात बाकीचे घळींमधून, दगडांआडून वर सरकले. वरच्या शिपायाला खाली मारायचं तर कडेपर्यंत येऊन वाकावं लागे, आणि त्याच्या मागे मोकळं आभाळ. दुपारपर्यंत इंग्रजांचे ९२ जण मेले, त्यात खुद्द कॉली. बोअरांची हानी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

इथे बंदुकीत फार फरक नव्हता. इंग्रजांची मार्टिनी-हेन्री एकबारी, बोअरांची वेस्टली रिचर्ड्स पण एकबारी, दोन्हीत काळी दारू. फरक होता तो एकाने गोळीबाराचा आडोसा द्यायचा आणि दुसऱ्याने पुढे सरकायचं, या समजुतीत. ही कवायत बोअरांना कुणी शिकवली नव्हती. शिकारीला जाणाऱ्या शेतकऱ्यांची ती रीत होती.

आता दुसरं युद्ध, ऑक्टोबर १८९९ ते मे १९०२. मधल्या काळात एक गोष्ट सगळ्या जगात बदलली होती: बिनधुराची दारू. काळ्या दारूचा बार उडाला की धुराचा लोट उठायचा, शत्रू कुठे आहे ते दिसायचं. आता समोर नुसता माळ, गोळ्या येताहेत, माणूस दिसत नाही. इंग्रज शिपायांनी घरी पाठवलेल्या पत्रांत ही तक्रार सारखी येते, की दिवसभर लढलो आणि एकही बोअर पाहिला नाही.

११ डिसेंबर १८९९, मॅगर्सफाँटेन. त्याआधी बेलमाँट आणि ग्रासपान इथे बोअर टेकड्यांच्या माथ्यावर बसले होते, तिथून तोफांनी आणि संगिनींनी त्यांना उठवलं. मॉडर नदीवर बोअर सेनापती द ला रे यांनी माथा सोडून नदीकाठाशीच माणसं बसवली. मॅगर्सफाँटेनला त्यांनी तोच विचार पुढे नेला: खंदक टेकडीच्या पायथ्याशी, तिच्या पुढ्यात. अरुंद, खोल, सरळ भिंतींचे, वर झुडपं पसरलेली. याला कारण आहे. उंचावरून मारलेली गोळी तिरपी येऊन जमिनीत घुसते. नेम चुकला की ती वाया गेली. जमिनीलगत मारलेली माउझरची गोळी शेकडो मीटर माणसाच्या उंचीच्या आतच राहते. पुढचा चुकला तर मागचा सापडतो.

इंग्रजांनी आदल्या दिवशी तोफांनी टेकडीचा माथा भाजून काढला. तिथे कुणी नव्हतंच. रात्री पावसात, वाट चुकू नये म्हणून, स्कॉटिश शिपायांची हायलँड ब्रिगेड खांद्याला खांदा लावून चालत निघाली. साडेतीन हजार माणसं, एकामागे एक दाट रांगा. पांगायचा हुकूम देईपर्यंत उजाडू लागलं होतं, आणि खंदक चारेकशे यार्डांवर होते. ब्रिगेडचा सेनापती वॉकोप सुरुवातीलाच पडला. उरलेले दिवसभर उन्हात पालथे पडून राहिले. हलला की गोळी. किल्ट, म्हणजे आखूड घागरा, घातलेल्या त्या माणसांच्या गुडघ्यांमागची कातडी उन्हाने भाजून फोड आले. लढाईचे नकाशे वाचताना हा तपशील डोक्यातून जात नाही. नऊशेहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी फावड्याने लढाई जिंकली. माउझर त्या फावड्यामागे उभी होती.

मुठेकाठ

लेख आवडला, पण बंदुकीला तुम्ही फार लवकर बाजूला सारलंत. माउझर १८९५ मध्ये पाच काडतुसं पत्र्याच्या एका पट्टीत अडकवलेली असतात. पट्टी वर ठेवायची, अंगठ्याने दाबायचं, पाचही आत. ली-मेटफर्डच्या मॅगझिनमध्ये दहा बसतात हे खरं, पण ती एकेक करून भरावी लागत. वर इंग्रजांचा नियम असा, की मॅगझिनवर पत्र्याची झडप लावून ठेवायची, एकेक काडतूस हाताने भरून मारायचं, आणि मॅगझिन अडचणीच्या वेळेसाठी राखायचं. म्हणजे हातात दहाबारी असून शिपाई एकबारीच चालवतोय. गोळ्याही अधिकाऱ्याच्या हुकमावर, सगळ्यांनी एकदम, फैरीने.

झाडावर चढलेल्या माणसाने खाली चाललेल्या रांगेवर पाच गोळ्या दहा सेकंदांत टाकल्या, तर हुकमाची वाट बघणारा शिपाई काय करणार?

शिवाय ली-मेटफर्डनंतर आलेल्या ली-एनफील्डच्या एका मोठ्या खेपेत नेमाची माशीच चुकीची बसली होती. पाचशे यार्डांवर गोळी दीड फूट उजवीकडे जायची. ती रायफल घेऊन माणसं युद्धावर निघाली, तेव्हा हे उघडकीला आलं.

रानवाटा

मुठेकाठ, मान्य. पट्टीचा मुद्दा मी कमी लेखला. पण बघा, झडप लावून ठेवायचा नियम बंदुकीने केला नव्हता. तो हुकूम देणाऱ्याच्या डोक्यातला होता: शिपायाला मोकळं सोडलं तर तो दारूगोळा उधळेल, ही भीती. बोअराकडे कुणी हुकूम देणारा नव्हता. घोडा बहुधा स्वतःचा, काडतुसं मोजकी, आणि लहानपणापासून एका गोळीत हरीण पाडायची सवय. तो आपोआप बघून मारायचा.

आणि सगळ्या बोअरांकडे माउझर होती असंही नाही. १८९५-९६ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या जेम्सनने ट्रान्सवालवर घातलेल्या धाडीनंतर तिथल्या क्रुगर सरकारने जर्मनीतून ३७ हजारांच्या आसपास माउझर मागवल्या, तरी बऱ्याच जणांच्या हातात जुनी मार्टिनी-हेन्रीच होती. तिच्या धुराने जागा उघडी पडायची, म्हणून असली माणसं कधी कधी मुद्दाम वेगळ्या ठिकाणी बसवत.

तोफखानी

वाचतोय. तोफांबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून थोडं लिहितो.

बोअरांची फौज म्हणजे शेतकऱ्यांची फौज, पण त्यांचा तोफखाना पगारी आणि गणवेशातला होता. फ्रान्सच्या क्रूझो कारखान्यातून त्यांनी १५५ मिलिमीटरच्या चार तोफा घेतल्या, इंग्रज शिपायांनी त्यांना 'लाँग टॉम' नाव दिलं. गोळा चाळीस किलोहून जड. या तोफा किल्ल्यांसाठी होत्या, पक्क्या जागी बसवायच्या. बोअरांनी त्या बैलांच्या जोड्या लावून डोंगरावर चढवल्या आणि इंग्रजांच्या ताब्यातल्या लेडीस्मिथ गावावर रोखल्या. किल्ल्याची तोफ मैदानी लढाईत येईल हे इंग्रजांच्या हिशेबात नव्हतं, त्यांच्या मैदानी तोफांचा पल्ला तोकडा पडला. मग नौदलाकडे धाव. कॅप्टन पर्सी स्कॉटने जहाजावरच्या ४.७ इंची तोफांसाठी चाकांचा गाडा तयार करून दिला, आणि वेढा पडायच्या तोंडावर, ३० ऑक्टोबर १८९९ ला, नौदलाची तुकडी रेल्वेने लेडीस्मिथला पोचली.

किंबर्लीचा किस्सा मला कायम हलवतो. तिथे वेढ्यात अडकलेल्या हिऱ्याच्या खाणीच्या कार्यशाळेत जॉर्ज लॅब्रम नावाच्या अमेरिकन इंजिनियरने काही आठवड्यांत अख्खी तोफ बनवली. तोफ बनवायचा काहीही अनुभव नसताना. ती चालली. त्यावर बोअरांनी लाँग टॉम आणली, आणि फेब्रुवारी १९०० मध्ये तिच्याच गोळ्याने लॅब्रम त्याच्या हॉटेलातल्या खोलीत मेला.

इंग्रजांनी जुन्या पद्धतीने तोफा पायदळाच्या रांगेपर्यंत पुढे नेल्या ते कोलेन्सोला, १५ डिसेंबर १८९९ ला. कर्नल लाँगने बारा तोफा नदीच्या हजारेक यार्डांवर उघड्यावर मांडल्या. पलीकडे बोअर सेनापती बोथाची माणसं काठावरच्या खंदकांत. तोफची मारले गेले, घोडे मारले गेले. तोफा परत आणायला गेलेल्यांत इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता मुलगा होता, तो जखमी होऊन वारला. बारांपैकी दहा तोफा बोअरांनी नेल्या.

सह्यकडा

हा तर आपला गनिमी कावाच. चपळ घोडा, पाठीला थोडीशी शिदोरी, मुलखाची खडान्‌खडा माहिती, मैदानात छातीला छाती लावायची नाही. बोअर म्हणजे तिकडचे मावळेच म्हणायचे.

रानवाटा

सह्यकडा, साम्य आहे, पण ते युद्धाच्या उत्तरार्धात. आधीचे वयस्क बोअर सेनापती, जूबेर आणि क्रोन्ये, वेढे घालून बसले. लेडीस्मिथबाहेर ३० ऑक्टोबरला इंग्रजांची दाणादाण उडाली, तरी जूबेरने पाठलाग केला नाही. पार्डेबर्गला क्रोन्ये गाड्या, बायकामुलं, बैल असा सगळा बारदाना घेऊन चालला होता. तो बारदाना सोडवेना म्हणून नदीकाठी अडकला आणि २७ फेब्रुवारी १९०० ला चार हजार माणसांनिशी शरण आला. माजुबाच्या बरोबर वाढदिवशी.

तुम्ही म्हणता ते मावळे दिसतात बोअर सेनापती ख्रिस्तियान द वेटमध्ये. त्याने गाड्या सोडा असा हट्टच धरला. ३१ मार्चला सॅनाज पोस्टला ओढ्याच्या पात्रात साडेतीनशे माणसं लपवली, दुसऱ्या बाजूने तोफा डागून इंग्रजांचा ताफा ओढ्याकडे हाकलला, आणि गाड्या एकेक करून उतारावरून खाली आल्या तशा गुपचूप पकडल्या. सात तोफा मिळाल्या.

पण एक मोठा फरक विसरू नका. महाराजांच्या पाठीशी गड होते. हरलं तरी मागे जाऊन दाणागोटा, दारूगोळा, दम खायला जागा. बोअरांच्या माळावर गड नव्हते. त्यांचे गड म्हणजे त्यांची शेतघरं, जिथे भाकरी आणि ताजा घोडा मिळायचा. इंग्रजांचा सेनापती किचनर याने नेमकं तेच ओळखलं. १६६५ मध्ये मिर्झाराजांनीही पुरंदराला वेढा घालतानाच आसपासचा मुलूख उद्ध्वस्त करायला घोडदळ सोडलं होतं. विचार तोच, पण किचनरकडे आगगाडी होती आणि काटेरी तार होती.

ओवी

इथे थांबून मला लिहायचंच आहे. धाग्यात फावडं, पट्टी, तोफा सगळं आलं, पण युद्ध ज्या हत्याराने संपलं ते यांतलं कोणतंच नाही.

सुमारे तीस हजार शेतघरं जाळली. गुरं, मेंढ्या जागच्या जागी मारल्या. घरातल्या बायका, मुलं, म्हातारे गाड्यांत भरून छावण्यांत नेले. एमिली हॉबहाउस ही इंग्रज बाई १९०१ च्या सुरुवातीला स्वतः ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेली. साबण नाही, पाणी पुरेसं नाही, एका तंबूत दाटीवाटीने कुटुंबं. तिने लंडनला परत जाऊन ते जाहीर केलं, आणि पुन्हा गेली तेव्हा तिला केपटाऊनच्या बंदरात उतरूही दिलं नाही. २६ हजारांहून जास्त बोअर बायका आणि मुलं त्या छावण्यांत मेली, बहुतेक लहान मुलं, गोवर आणि विषमज्वराने. रणात मेलेल्या बोअरांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

आणि आफ्रिकनांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथे किमान १४ हजार मेले. त्यांच्या नोंदीसुद्धा धड ठेवल्या नाहीत. या युद्धाला दोन्ही बाजू 'गोऱ्यांचं युद्ध' म्हणत राहिल्या, पण बोअराच्या मागे घोडा धरून चालणारा 'आख्तररायर' (स्वाराचा सेवक) कोण होता? बोअरांनी घातलेल्या मेफकिंगच्या वेढ्यात बारोलाँग हे आफ्रिकन लोक इंग्रजांच्या बाजूने बंदुका घेऊन लढले, त्यांना काय मिळालं? १९०२ च्या तहात त्यांच्या मताधिकाराचा प्रश्न पुढे ढकलला, तो नव्वद वर्षं पुढेच राहिला.

डावपेचांवर लिहा, जरूर लिहा. पण मुलुख जाळणं हाही डावपेच होता आणि तो मोजून मापून आखलेला होता, हे त्याच धाग्यात असलं पाहिजे.

रानवाटा

ओवीताई, तुमचं बरोबर आहे. वरच्या प्रतिसादात मी 'किचनरने ओळखलं' असं शाबासकीच्या सुरात लिहून गेलो, तसं लिहायला नको होतं.

त्या आखणीचा दुसरा भाग इथे नोंदवतो. रेल्वेमार्गांच्या कडेने आणि माळावरून आडव्या, सुमारे आठ हजार चौक्या. सुरुवातीच्या दगडी होत्या, नंतर पन्हाळी पत्र्याच्या दोन गोल भिंती आणि मधे खडी, दिवसाभरात उभी राहील अशी. प्रत्येकीत सातआठ शिपाई. दोन चौक्यांच्या मधे काटेरी तार. एकूण तार ३,७०० मैल. मग हजारो घोडेस्वारांची रांग माळावरून शिकारीच्या हाकाऱ्यासारखी तारेच्या दिशेने चालायची. द वेट बहुतेक वेळा फट शोधून निसटला, पण बरोबरची माणसं आणि गुरं दर वेळी कमी होत गेली. शेवटी शेवटी माउझरच्या गोळ्याही संपल्या. बोअर इंग्रजांच्या उठलेल्या तळावर जाऊन सांडलेली काडतुसं वेचायचे आणि पकडलेल्या ली-मेटफर्डनेच लढायचे. म्हणजे धाग्याच्या सुरुवातीचा 'कोणाची बंदूक भारी' हा प्रश्न १९०१ मध्ये बोअरांनीच मिटवून टाकला होता.

भुईकोट

नगरहून लिहितोय. आमच्याकडे पाहुणे आले की भुईकोट किल्ल्यात नेहरूंची खोली बघायला नेतो. १९४२ ते ४५ सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी नगरला बोअर युद्धकैद्यांची छावणी होती. साताऱ्यालाही होती. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान अशा ठिकाणी बोअर कैदी पाठवले, त्यांतले सुमारे नऊ हजार हिंदुस्थानात.

इतक्या लांब का, हे मला या धाग्यामुळे नीट कळलं. १९०० मध्ये पुन्हा लढणार नाही अशी शपथ घेऊन घरी सोडलेले कितीतरी बोअर पुन्हा घोड्यावर बसले होते. नगरहून कोण पळून ट्रान्सवालला जाणार?

मुठेकाठ

भुईकोट, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. आता त्या बाजूने जाताना वेगळं वाटेल.

एक अवांतर: 'बोअरांवर दमदम गोळ्या झाडल्या' असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ती गोळी कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातली, टोकाची शिशाची बाजू उघडी, अंगात शिरल्यावर फुलायची. १८९९ च्या हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदीचा जाहीरनामा निघाला, आणि इंग्रजांनी फुलणाऱ्या गोळ्या या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरवलं. तरी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले.

अंतू फाटा

घोड्यांबद्दल कुणीतरी लिहा. माझे पणजोबा सायस होते, म्हणून विचारतोय.

रानवाटा

अंतू, हा विषय मोठा आहे. इंग्रजांचे तीन लाखांहून जास्त घोडे या युद्धात मेले, आणि त्यांतले थोडेच गोळीने. अर्जेंटिना, हंगेरी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथून बोटीने आणायचे. महिनाभर बोटीत उभा राहिलेला घोडा उतरला की लगेच आगगाडीत, आणि तिथून थेट मोहिमेवर. तिथलं गवत त्याला पचेना. वर खोगीर, तलवार, कार्बाइन, दाणा, स्वार असं सव्वाशे किलोंच्या आसपास ओझं. बोअरांचं तट्टू छोटं, माळावर चरून जगणारं. लगाम जमिनीवर टाकला की जागेवर उभं राहायचं, म्हणजे स्वार दोन्ही हात मोकळे ठेवून लढायला जाई. इंग्रज घोडदळात चौथा माणूस घोडे धरायलाच अडकायचा.

१९०१ पर्यंत इंग्रजही हे शिकले. एलांड्सलाख्टेला भाले घेऊन धावणारं घोडदळ शेवटी रायफल घेऊन पायउतार होऊन लढू लागलं. पायदळानेही दाट रांगा सोडल्या. खरं तर त्याच लढाईत, २१ ऑक्टोबर १८९९ ला, इयान हॅमिल्टनने आपली माणसं विरळ पसरून पुढे नेली आणि जिंकला. हा हॅमिल्टन माजुबावर होता, मनगटात गोळी लागून डावा हात कायमचा अधू झालेला. त्याला आठवण होती. बाकीच्यांना सात आठवड्यांनी मॅगर्सफाँटेनला शिकावं लागलं.

युद्धानंतर ली-एनफील्ड आखूड केली, पट्टीने भरायची सोय केली, आणि शिपायाला मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या मारायचा सराव दिला. माझ्या खांद्याला लागलेली ती तीच.

सांडणीस्वार

अंतूदादा, तुमच्या पणजोबांच्या धंद्यातली माणसंही तिथे होती. हिंदी पलटणी लढायला नेल्या नाहीत, गोऱ्यांविरुद्ध काळ्या शिपायाने बंदूक उचलायची नाही म्हणून. पण हिंदुस्थानातून सायस, भिश्ती, धोबी, डोलीवाले, नालबंद हजारोंनी नेले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गांधीजींच्या रुग्णसेवा पथकात अकराशे जण होते, बहुतेक गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले हिंदी मजूर. स्पियन कोपच्या लढाईतून जखमींना डोल्यांत घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालायचे. जखमी इंग्रज जनरल वुडगेटला त्यांनीच नेलं.

लेडीस्मिथच्या वेढ्यात प्रभुसिंग नावाचा गिरमिटिया होता. समोरच्या डोंगरावरच्या तोफेचा जाळ दिसला की घंटा वाजवायची, म्हणजे गावातली माणसं गोळा पडायच्या आत आडोशाला जातील. उघड्यावर बसून तो हे काम करायचा.

जोहान्सबर्गला ऑब्झर्वेटरीच्या टेकडीवर या सगळ्यांचं स्मारक आहे. त्याच्या शिलालेखात अधिकाऱ्यांबरोबर 'नालबंद' हा शब्द जसाच्या तसा कोरलेला आहे.

अंतू फाटा

माझी पुतणी तिकडेच नोकरीला आहे. तिला या रविवारी जाऊन फोटो काढायला सांगतो. आले की इथेच टाकतो.

भुईकोट

वाट बघतो.

ओवी

शिलालेखाचा फोटो जवळून काढायला सांगा, सगळे शब्द वाचता येतील असा.